‘जरा उठता का?’ : विमानप्रवासाच्या टिप्स वाचताना

‘लांबच्या विमानप्रवासात आरामात कसं राहाल?’ या मथळ्याखालचा मजकूर आपण वाचत नाही, चाळतो. मानेची उशी घ्या, सैल कपडे घाला, पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठून चाला. यात वाचण्यासारखं काय आहे, असं वाटतं. पण हा एक साहित्यप्रकार आहे असं धरून चला आणि कथेला किंवा कवितेला विचारतो तो प्रश्न त्याला विचारून बघा: इथे कोण बोलतंय, आणि कोणाशी?

या टिप्समधले ‘तुम्ही’ एकटे असता. वय तिशीच्या आसपास, गुडघे शाबूत, इंग्रजी येतं, हातात क्रेडिट कार्ड. तुमची प्रत्येक अडचण एखाद्या वस्तूने सुटते: उशी, डोळ्यांवरची पट्टी, आवाज बंद करणारे हेडफोन, जास्त पैशांची पुढची सीट. या मजकुरात दुसरा माणूस येतो तो फक्त कटकट म्हणून. रडणारं बाळ, खुर्ची मागे टाकणारा पुढचा, हातावर कोपर ठेवणारा शेजारचा. म्हणजे आरामाची व्याख्या अशी होते: कोणाचीही गरज पडू नये.

आता हा मजकूर नगर जिल्ह्यात आणून वाचू. (नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडून आमच्या पिढीतली मुलं इंजिनिअरिंग करून अमेरिकेला गेली. त्यांच्यामागून काही वर्षांनी आई-वडील जातात, मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवाला बघायला. शिर्डीचं विमानतळ २०१७ मध्ये काकडीला सुरू झालं, पण अमेरिकेचं विमान गाठायला मुंबईच. नगरहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, मग विमानतळावरचे तीन-चार तास, मग न्यूयॉर्कपर्यंत थेट गेलं तरी १५-१६ तास. साठीच्या पुढची, मधुमेह किंवा गुडघेदुखी असलेली, बऱ्याचदा पहिल्यांदाच विमानात बसणारी ही माणसं. टिप्समधल्या ‘तुम्ही’त ती नाहीत.

बरं, टिप्स चुकीच्या असतात का? नाही. त्या कारण सांगत नाहीत, हा त्यांचा पहिला दोष. विमानातल्या हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. अकोले तालुक्यातलं आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्याही वर आपण आईला १५ तास बसवून ठेवतो. बाहेरची थंड हवा जवळजवळ कोरडी असते, त्यामुळे आतली आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्या खाली राहते. घसा आणि डोळे कोरडे पडतात, जेवण अळणी लागतं. पोटऱ्यांचे स्नायू चालताना रक्त वर ढकलतात. बसून राहिलं की ते काम थांबतं आणि पाय सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे, सुमारे ६,००० प्रवाशांत एक. पण वय, वजन, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनी तो वाढतो.

दुसरा दोष मोठा आहे. ‘पाणी प्या’ आणि ‘उठून चाला’ या सूचना मधल्या सीटवर बसलेल्या बाईला पाळताच येत नाहीत, कारण दोन्ही सूचनांच्या वाटेत एक अनोळखी, झोपलेला माणूस आहे. ती मनात हिशोब करते. पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, बाथरूमला जायचं तर त्याला उठवावं लागेल, उठवायचं तर काय म्हणायचं? त्यापेक्षा पाणीच नको. टिप्स लिहिणाऱ्याला हा हिशोब दिसत नाही, कारण त्याच्या जगात शेजारी हा माणूस नसून आवाज आहे.

हीच बाई एसटीत मात्र मुकी नसते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावली. तेव्हापासून या जिल्ह्याने ‘जरा सरका’, ‘एवढं बाळ धरता का’, ‘खिडकी लावा हो, वारा लागतोय’ ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. एसटी आरामाची होती असं मला म्हणायचं नाही, पाठीला विचारा. पण तिथे अडचण बोलून सोडवता येत होती. विमानात इकॉनॉमीच्या दोन रांगांत साधारण ३१-३२ इंच असतात, आणि त्यातच खुर्चीची जाडीही धरलेली असते. तरी तिथे इंचांपेक्षा जास्त काही कमी पडत असेल तर ते वाक्य.

ते वाक्य पुरवणारा दुसरा एक मजकूर आपल्या घरांत लिहिला जातो आणि त्याला कोणी साहित्य म्हणत नाही: मुलांनी आई-वडिलांच्या पर्समध्ये ठेवलेली चिठ्ठी. मीही अशी एक लिहिली आहे. ‘मला इंग्रजी येत नाही. मी मुलीकडे चालले आहे. मला शाकाहारी जेवण हवं. मला पुढच्या विमानापर्यंत नेऊन सोडा.’ वर इंग्रजी, खाली मराठी, शेवटी फोन नंबर. टिप्समध्ये ‘तुम्ही’ आणि आज्ञार्थ. चिठ्ठीत ‘मी’ आणि विनंती. टिप्सचा आदर्श कोणाची गरज न पडणं हा, तर चिठ्ठीची सुरुवातच गरज सांगण्यापासून.

आपल्याकडे अनेक घरांत व्हीलचेअर मागवली जाते तीही अशीच एक चिठ्ठी असते. विमान कंपन्यांच्या संकेतांत तीन अवस्था आहेत: लांब चालता येत नाही, जिना चढता येत नाही, सीटपर्यंतही जाता येत नाही. ‘चालता येतं, पण पाट्या वाचता येत नाहीत’ ही अवस्था त्यांत बसत नाही, म्हणून भाषेची अडचण पायांच्या नावावर लिहिली जाते. ढकलणारा माणूस वाटाड्या होतो. यावर हसणं सोपं आहे, आणि ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांच्या खुर्च्या कमी पडतात ही तक्रारही खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका जोडप्याला एकच खुर्ची मिळाली. पत्नी तीत बसली, ८० वर्षांचे पती सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळून वारले. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. दुसऱ्या खुर्चीसाठी थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. खुर्च्या पुरेशा नसणं ही व्यवस्थेची चूक. ती दंडाने मोजता येते. थांबायचं की चालायचं हे ठरवण्याची वेळच त्या वयात येऊ नये, हे मोजता येत नाही.

चिठ्ठीवरही टीका व्हायला हवी. तिच्यातला ‘मी’ उसना आहे. लिहितो मुलगा, बोलते आई. तो तिला पत्ता लावलेलं पार्सल करून टाकतो, आणि तिच्या वतीने फक्त अधिकाऱ्यांशी बोलतो. माझ्या चिठ्ठीत एअरहोस्टेस होती, इमिग्रेशनचा साहेब होता, शेजारी नव्हता. आईने ती वाचून खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आणि म्हणाली, हे इंग्रजीत कर: ‘मी अधूनमधून उठणार आहे, राग मानू नका.’

त्या एका ओळीत टिप्सच्या सगळ्या यादीपेक्षा जास्त समज आहे. पाय, पाणी, शेजारी आणि संकोच यांचा संबंध तिथे एकत्र येतो.

मराठी प्रवासवर्णनात हे सगळं पूर्वी असायचं. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये (लिहिला गेला १८५७ च्या प्रवासावर, छापला १९०७ मध्ये) वाट हाच मजकूर आहे, कुठे उतरलो, कोणी आसरा दिला, कुठे लुटलो गेलो. त्यांना दारं उघडत होती याला जातही कारण होती, हे विसरायला नको. पण प्रवास म्हणजे दुसऱ्यांवर अवलंबून राहणं, हे ते लपवत नाहीत. विमानाच्या काळातल्या बऱ्याच प्रवासवर्णनांत मात्र विमान म्हणजे दोन शहरांमधलं कोरं पान. ते कोरं पान आता टिप्सनी भरलंय.

म्हणून घरातल्या कोणासाठी यादी करत असाल तर उशीच्या आधी सीट बघा: आइलची, बाथरूमच्या जवळची, बुकिंगच्या वेळीच. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांना आधी विचारा. आणि चिठ्ठीची पहिली ओळ शेजाऱ्यासाठी लिहा. विमान सुटायच्या आधी, तो जागा असताना, त्याला ती दाखवायची. लिहिताना पेन मात्र आईच्या हातात द्या. तिला कोणाला काय सांगायचंय, ते तिला आपल्यापेक्षा बरं कळतं.