‘मेड’ : पाहिलीत, पण मॅडी दिसली का?

नेटफ्लिक्सवर २०२१ साली आलेली ‘मेड’ ही दहा भागांची मालिका आपल्या मंडळींपैकी अनेकांनी पाहिली असेल. मार्गारेट क्वाली आणि तिची खरीखुरी आई अँडी मॅक्डॉवेल, दोघींची कामे झकास. पण मला भावला तो तिच्यातला हिशेब.

शॉन दारू पिऊन भिंतीवर ठोसा मारतो, मुलीच्या केसांत काचा सापडतात, आणि ॲलेक्स रात्रीच तिला घेऊन घर सोडते. पुढे पाळणाघरासाठी मदत मागायला जावे तर नोकरीचा पुरावा हवा. नोकरी धरावी तर पोर ठेवायचे कुठे? आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्याजवळचे डॉलर घटत जातात, तेव्हा आपलाच हात खिशाकडे जातो.

तक्रार आहे ती छोट्या मॅडीबद्दल. बापाच्या भीतीने आपण लहानपणी कपाटात लपत होतो हे ॲलेक्सला पुढे आठवते. म्हणजे एवढ्या वयातले मूल विसरत नाही, हे लेखिकेला ठाऊक आहे. तरी मॅडीच्या वाट्याला येते ते छप्पर आणि खेळणी. तिच्या मनाचे काय, हे कोणी नीट विचारत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत अलिशिया लीबरमन यांनी अशाच मायलेकरांना एकत्र बसवून, खेळाच्या आधाराने, आठवड्याला एकदा असे वर्षभर चालणारे उपचार बसवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या मुलांची भीती आणि वागणे, दोन्ही सुधारलेले दिसले. त्यातला एखादा प्रसंग इथे सहज बसला असता. त्याऐवजी श्रीमंत मालकिणीवर फार वेळ खर्ची पडला आहे.

आणखी एक. ॲलेक्स इथली नागरिक आहे. एच-फोरवर आलेल्या आपल्या मुलीचा व्हिसाच नवऱ्याला बांधलेला. कित्येकींना कामाची परवानगीही नसते. मात्र आश्रयगृहाच्या दारात व्हिसा आड येत नाही, हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असते. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ संस्था १९८५ सालीच निघाली, तीही अशाच अडचणी पाहून.

मालिकेवर गप्पा निघाल्या की हटकून कोणीतरी म्हणते, “पण त्याने तिला मारले कुठे?” ॲलेक्सही सुरुवातीला हेच म्हणते. कथा घडते त्या वॉशिंग्टन राज्यात २०२२ पासून संरक्षण-आदेशाच्या कायद्यात धाक घालून ताब्यात ठेवणे हाही छळच धरला जातो.