राक्षस कसा असावा?

गेल्या चैत्रांत धुळ्यास बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. सप्तशृंगीच्या यात्रेचे ते दिवस; खानदेशांतून पायीं निघालेले भाविकांचे जथे निशाणें घेऊन गडाच्या वाटेला लागले होते. घरांत मात्र एक निराळेंच युद्ध जुंपलें होतें. माझा भाचा रात्रीं जेवण आटोपलें कीं संगणकाच्या पडद्यासमोर बसे आणि एका शिंगाळ राक्षसाच्या हातून मार खाई. पहिल्या रात्रीं मीं मोजून पाहिलें. तो एकोणीस वेळां मेला. शेवटीं न राहवून मी म्हणालों, “अरे, हा खेळच लबाड दिसतो. सोडून कां देत नाहींस?” पडद्यावरची नजर न काढतां तो उत्तरला, “नाहीं मामा, चूक माझीच होते. तो काठी उगारून क्षणभर थांबतो, आणि मी आधींच उडी टाकतों.”

जवळजवळ तीस वर्षें मी महाविद्यालयांत अध्यापन करीत आहें. परीक्षेंत हरलेल्या एकाहि विद्यार्थ्याच्या तोंडून हें वाक्य मीं ऐकलेलें नाहीं. पराभूताकडून ‘चूक माझीच’ असें वदवून घेणारा, आणि वर त्याला पुन्हां झुंजीला उभें करणारा राक्षस ज्यानें घडविला, तो कारागीर सामान्य नव्हे असें मला वाटलें. पुढील विवेचन त्या रात्रीं सुरू झालेल्या विचारांचें फळ आहे.

ज्या वाचकांचा या खेळांशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. या अद्भुतरम्य खेळांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, अपरिचित प्रदेशांतून भटकतो, किरकोळ शत्रूंना मारून अनुभव, बळ आणि शस्त्रें मिळवितो. वाटेंत ठरलेल्या ठिकाणीं एकेक महाशत्रु आडवा उभा असतो. खेळाडूंच्या बोलींत त्याला ‘बॉस’ म्हणतात. आपण राक्षसच म्हणूं. ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील प्लेटो नांवाच्या संगणकव्यवस्थेवर विद्यार्थ्यांनीं १९७५ सालीं रचलेल्या ‘डीएनडी’ नामक खेळांत एक सोनेरी नाग-राक्षस ठेव्याची राखण करीत बसलेला आहे. १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळांतला अंतिम शत्रु तर युद्धापूर्वीं नायकाला अर्धें जग देऊं करतो, आणि मोहाला बळी पडणारा सर्वस्व गमावतो. माझ्या भाच्याचा वैरी मार्गिट हा २०२२ सालीं तोक्योच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या ‘एल्डन रिंग’मधला, एका किल्ल्याच्या वाटेवर खडा असलेला पहारेकरी.

या राक्षसाचा पहिला गुण असा कीं तो न सांगतां मारीत नाहीं. त्याच्या प्रत्येक आघातापूर्वीं कांहीं खूण असते: खांदा वळतो, काठी वर जाते, शेंपूट फिरतें. त्याची लबाडी एवढीच कीं काठी उगारल्यावर तो लगेच हाणीत नाहीं, थांबतो. घाबरट खेळाडू आधींच उडी मारतो आणि नेमका उतरतांना सांपडतो. म्हणजे दंड आहे तो अज्ञानाचा नव्हे, उतावळेपणाचा आहे. आणि उतावळेपणा हा आपलाच दोष असल्यामुळें पराभवाचा राग राक्षसावर निघत नाहीं. मृत्यूनंतर पुन्हां त्याच्यासमोर उभें राहण्यास फार चालावेंहि लागत नाहीं. शिक्षा तत्काळ आणि दुसरी संधि जवळ, ही योजना ज्यानें केली त्याला शिकविण्याचें मर्म कळलें होतें.

आपल्याकडच्या यात्रांतील कुस्त्यांची दंगल ज्यांनीं पाहिली आहे त्यांना या योजनेचें दुसरें अंग सहज समजेल. दंगल सुरू होते ती पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनीं. मानाची कुस्ती येते दिवस कलतां कलतां. तोंवर प्रेक्षकांची नजर तयार झालेली असते. पंच जोड लावतात तेव्हां ती तोडीस तोड असावी लागते. विजोड कुस्ती लागली तर जिंकणाऱ्याचेंहि कौतुक होत नाहीं. चांगला राक्षस हा असाच मानाच्या कुस्तीचा गडी असतो. वाटेंतल्या किरकोळ शत्रूंकडून जें जें शिकलों, तें तें सारें तो एका बैठकींत विचारतो. न शिकविलेलें विचारणारा राक्षस वाईट, आणि शिकविलेलें मुळींच न विचारणारा त्याहून वाईट.

या दुसऱ्या दोषाचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे त्याच संस्थेच्या २०११ सालच्या ‘डार्क सोल्स’मधील ‘बेड ऑफ केऑस’. सबंध खेळभर ढाल, तलवार, अंतर आणि संयम यांचे धडे गिरवून आलेल्या खेळाडूच्या पायांखालची जमीन तेथें एकाएकीं खचते आणि त्याला खळग्यांवरून उड्या माराव्या लागतात. शिकलेली विद्या एका बाजूला आणि परीक्षा दुसऱ्या बाजूला! उलट त्याच खेळांत ऑर्नस्टीन आणि स्मॉ ही जोडगोळी आहे: एक भाल्यानिशीं चपळ, दुसरा हातोड्यानिशीं अजस्र. एक पडला कीं उरलेला त्याचें बळ घेऊन अधिक भयंकर होतो. कोणाला आधीं मारावें हा विचार येथें तलवारीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

हें वाचतांना आपल्या घरांतल्या पुराणकथा ज्यांना आठवल्या नसतील असे वाचक थोडे. देवीमाहात्म्यांतला महिषासुर रेडा होतो, सिंह होतो, खड्गधारी पुरुष होतो, हत्ती होतो आणि पुन्हां रेडा होतो. प्रत्येक रूपाला उत्तर निराळें. रक्तबीजाच्या रक्ताच्या थेंबाथेंबांतून नवे राक्षस उठतात, म्हणजे तेथें अधिक जोरानें घाव घालणें हीच चूक; रक्त भूमीवर पडूं न देणें हा मार्ग. हिरण्यकशिपूच्या वराची गोष्ट तर पोरांनाहि पाठ असते. पुराणकारांनीं एक गोष्ट अचूक ओळखली होती. राक्षसाचा वर हेंच त्याचें कोडें, आणि त्या वरांतली फट हेंच त्याचें मरण. नुसतें बळ वाढविलें कीं राक्षस मोठा होत नाहीं. पुष्कळ खेळांतून राक्षसाची जीवनरेषा वीतभर लांब करून ठेवतात आणि खेळाडू अर्धा तास तोच घाव तसाच घालीत बसतो. याला युद्ध म्हणत नाहींत, लांकडें फोडणें म्हणतात.

येथें एक आक्षेप येईल. या खेळांत बळ कमावतां येतें. मग रानावनांत हिंडून पुरेसें बळ सांठविलें कीं राक्षस न समजतांहि मरेल, त्यांत कौशल्य कसलें? आक्षेप खरा आहे; परंतु मला तो दोष वाटत नाहीं. पुराणांतले राक्षस तपानें सामर्थ्य मिळवीत. येथें नायकालाहि तीच मुभा आहे. ‘एल्डन रिंग’च्या आरंभींच सोनेरी चिलखत घातलेला एक घोडेस्वार मोकळ्या रानांत फिरतांना दिसतो. नवखा त्याच्यावर धांवून जातो आणि चिरडला जातो. शहाणा वळसा घालून पुढें जातो आणि सावकाश परत येतो. प्रत्येक लढाई आजच लढली पाहिजे असें नाहीं, हा धडा पहिल्या घटकेलाच मिळतो. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या, मंद बोटांच्या माणसाला ही परत येण्याची वाट म्हणजे मोठीच दया वाटते.

दयेवरून आठवलें. टोबी फॉक्स यांच्या २०१५ सालच्या ‘अंडरटेल’मध्यें टोरिएल नांवाची मातृवत्सल रक्षिका नायक-बालकाला बाहेरच्या संकटांत जाऊं द्यायचें नाहीं म्हणून त्याची वाट अडविते. बालक मरणाच्या दारीं आलें कीं तिचे अग्निबाण त्याला चुकवून जाऊं लागतात. एकहि संवाद न बोलतां, केवळ बाणांच्या दिशेनें, आईचें मन येथें उघडें होतें. तिच्यावर हात न उचलतां चिकाटीनें उभें राहिलें तर ती वाट सोडते. राक्षसाच्या लढण्याच्या रीतींतच त्याचा स्वभाव दिसला पाहिजे, याहून सुंदर प्रमाण मला माहीत नाहीं.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ काढला. तो काटेकोरपणें या जातीचा नव्हे, तरी आपल्या देवदैत्यांना या माध्यमांत आणणारा म्हणून त्याचा विचार केलाच पाहिजे. धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली सर्कशींतली मुलगी, तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णु, राजस्थानी वाड्यांचें वैभव, पहाडी चित्रांची छटा हें सारें पाहून डोळ्यांचें पारणें फिटतें. पण त्यांतल्या महाबलासुराशीं होणारी झुंज माझ्या मतें हातांच्या चपळाईची राहते, बुद्धीची होत नाहीं. ज्या पुराणांनीं जगाला रक्तबीज दिला, त्यांच्या वारसांनीं राक्षसाला मोठा देह देऊन थांबूं नये. त्याला वर द्यावा आणि त्या वरांत फट ठेवावी.

शेवटीं एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं एक प्रश्नपत्रिका काढली होती. वर्षभर वर्गांत टिपणें उतरवून दिलीं आणि परीक्षेंत मात्र कधीं न वाचलेल्या कवितेचें स्वतंत्र रसग्रहण विचारलें. मला तिचा अभिमान होता. तिला मी ‘दर्जा’ म्हणत असें. अर्धा वर्ग नापास झाला. खेड्यांतून येणारी एक मुलगी निकालानंतर भेटून म्हणाली, “सर, हें असें विचाराल, हें आम्हांला कुठून कळणार होतें?” पुढच्या वर्षीं ती आली नाहीं. त्या वेळीं माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आतां आहे. तिला इशारा मिळाला नव्हता, सराव मिळाला नव्हता, परतण्याची वाट मिळाली नव्हती. तो राक्षस मीच वाईट घडविला होता.

चौथ्या रात्रीं भाच्यानें मार्गिटाला लोळविलें. तो ओरडला नाहीं, थरथरणारे हात मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मामा, शेवटीं शेवटीं तो पुढें काय करणार तें मला आधींच कळत होतें.” येत्या सत्राची प्रश्नपत्रिका सध्यां माझ्या मेजावर आहे. ती पाठविण्यापूर्वीं प्रत्येक प्रश्नापाशीं थांबून मी पाहणार आहें, कीं काठी उगारलेली मुलांना आधीं दिसते कीं नाहीं.