चौसष्ट तुकड्यांची गिटार

चौसष्ट ही संख्या आपल्या कानांस परकी नाही. कला चौसष्ट, असे आपण परंपरेने मानीत आलो आहोत. त्यामुळे कॅनडातील एका गिटारीत चौसष्ट तुकडे बसविले आहेत असे वाचनात आले, तेव्हा कुतूहल जागे झाले. ते शमविताना जो विचार मनात आला, तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

या गिटारीचे नाव ‘व्हॉयेजर’, म्हणजे प्रवासी. तिचा संकल्पक जोवी टेलर हा टोरोंटोचा नभोवाणी-निवेदक. १९९५ साली क्वेबेक प्रांताने वेगळे व्हावे की नाही यावर सार्वमत झाले, आणि सुमारे एका टक्क्याच्या अंतराने कॅनडा अखंड राहिला. त्या अस्वस्थ वर्षात टेलर यांना ही कल्पना सुचली. देशाच्या कानाकोपऱ्यातून स्मरणीय वस्तूंचे अंश मागून आणावेत व त्यांचे एक वाद्य घडवावे, म्हणजे जे राजकारणात एकत्र नांदत नाहीत ते निदान एका लाकडी पेटीत तरी एकत्र नांदतील! नोव्हा स्कोशियातील कारागीर जॉर्ज रिझानी यांनी ती घडविली. १ जुलै २००६ रोजी, कॅनडाच्या राष्ट्रदिनी, ओटावा येथील संसद-टेकडीवर ती प्रथम लोकांसमोर वाजली.

तीत काय नाही? पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या होडीच्या वल्ह्याचा तुकडा आहे. वेन ग्रेट्स्की या हॉकीपटूच्या काठीचा आहे. मॉरिस रिशार याच्या विजयमुद्रिकेचे सोनेही आहे. माझ्या पेशाच्या भाषेत बोलायचे, तर हा सारा मुद्देमाल झाला. प्रत्येक वस्तूस निशाणी क्रमांक द्यावा, ती कोणाकडून आली याची नोंद करावी, आणि न्यायासनापुढे मांडावी, अशी ही मांडणी आहे. पण न्यायालयात पाऊल ठेवलेला प्रत्येक जण जाणतो की मुद्देमाल स्वतः बोलत नाही. त्याच्यासाठी साक्षीदार बोलावा लागतो. मग या गिटारीत बोलते ते कोण?

याचे उत्तर वाद्याच्या रचनेतच आहे. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० ते ८० किलो ताण पडतो. तो ताण सोसूनही थरथरण्याइतकी हलकी राहील अशी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची लाकडी तबकडी, हा या वाद्याचा प्राण. मुद्रिकेचे सोने डोळ्यांना सुखविते, मनाला आठवण देते; स्वराला मात्र ते काही देत नाही. स्वर येतो तो या तबकडीतून, आणि ‘व्हॉयेजर’ची तबकडी ज्या झाडाची आहे त्याची कथा उरलेल्या साऱ्या तुकड्यांहून भारी आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील हैडा ग्वाय बेटांवर, याकून नदीच्या काठी, सिटका स्प्रूस जातीचा एक वृक्ष होता. हरितद्रव्याच्या उणिवेमुळे त्याची पाने सोन्यासारखी पिवळी दिसत. वय सुमारे तीनशे वर्षे. तेथील मूळच्या हैडा लोकांच्या लेखी तो केवळ वृक्ष नव्हता. संकटातून आजोबांबरोबर निघालेला एक मुलगा, मागे वळून पाहू नकोस ही आज्ञा मोडून थबकला आणि झाड होऊन राहिला, अशी त्यांची कथा आहे. वडपिंपळाला सूत गुंडाळणाऱ्या समाजाला या भावनेचा अर्थ उलगडून सांगावयास नको. जानेवारी १९९७ मध्ये ग्रँट हॅडविन नावाच्या माणसाने, लाकूडतोड कंपन्यांचा निषेध म्हणून, रात्रीच्या वेळी हा वृक्ष करवतीने पोखरून ठेवला. पुढे तो कोसळला. आरोपी खटल्यासाठी निघाला तो वाटेतच नाहीसा झाला. न्यायालयाला निकाल देण्याची संधीच मिळाली नाही. हैडा समाजाने त्या झाडासाठी जाहीर शोक पाळला.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या त्या ओंडक्यातून तबकडीपुरते लाकूड हैडा समाजाच्या संमतीने मिळाले. या संमतीत मला ‘व्हॉयेजर’चे खरे मोठेपण दिसते. वल्हे व काठी या नामवंतांच्या देणग्या होत्या. देणाऱ्याचे त्यात फारसे काही गेले नाही. हैडांनी मात्र आपल्या शोकाचा अंश दिला, आणि ज्या राष्ट्राने त्यांच्याकडून पूर्वी न मागताच पुष्कळ घेतले होते त्याला दिला. चौसष्ट तुकड्यांच्या यादीत हा एक तुकडा इतरांच्या पंक्तीस बसविणे हा या कल्पनेतील दोष आहे, असे माझे मत आहे. खेळाडूची काठी आणि एका समाजाचा पूर्वज यांना एकाच मापाने मोजले, की समभाव साधल्यासारखे दिसते, पण न्याय होत नाही.

एक गोष्ट टेलर यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. हे वाद्य त्यांनी काचेच्या कपाटात ठेवले नाही. ते गावोगाव नेले, नामांकित वादकांपासून शाळकरी मुलांपर्यंत ज्याने मागितले त्याच्या हाती दिले. वस्तू वंद्य झाली की तिला शिवण्याचा अधिकार थोड्यांकडे जातो. येथे उलट घडले.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. वाद्याचा वारसा तुकड्यांत असतो काय?

या प्रश्नाचे दुसरे उत्तर कॅनडातच २०१७ साली, क्लाइनबर्ग येथील मॅकमायकल कलासंग्रहालयात मिळाले. ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ नावाने १९२० मध्ये एकत्र आलेल्या सात निसर्गचित्रकारांना सात गिटार-कारागिरांनी प्रत्येकी एक वाद्य घडवून अभिवादन केले, आणि त्या मंडळाच्या स्थापनेपूर्वीच, १९१७ मध्ये, निवर्तलेल्या टॉम थॉमसन या चित्रकारासाठी आठवी गिटार सर्वांनी मिळून केली. या गिटारींवरील चित्रमय नक्षीचे कौतुक पुष्कळ झाले. मला विचाराल, तर नक्षी हा त्या प्रदर्शनाचा गौण भाग होता. चित्राची आठवण करून देणारे वाद्य शेवटी चित्राच्या छायेत उभे राहते. मुख्य गोष्ट ही, की ते सातही कारागीर एकाच कार्यशाळेशी बांधलेले होते.

ती कार्यशाळा झाँ लारिव्हे यांची. टोरोंटोत येऊन राहिलेल्या एडगर म्योंख या जर्मन कारागिराकडून लारिव्हे यांनी अभिजात गिटार घडविण्याची विद्या घेतली, आणि पुढे आपल्या पद्धतीची पोलादी तारांची गिटार सिद्ध केली. त्यांच्या हाताखाली विल्यम लास्किन, लिंडा मॅन्झर, सर्जी डी याँग, टोनी डगन-स्मिथ, डेव्हिड रेन, जॉर्ज ग्रे ही मंडळी तयार झाली. १९७७ मध्ये लारिव्हे पश्चिमेकडे व्हिक्टोरियास गेले, आणि २००१ साली कॅलिफोर्नियातही त्यांचा कारखाना उभा राहिला. शिष्य मात्र एकमेकांच्या प्रती होऊन राहिले नाहीत. लास्किन यांनी शिंपल्याच्या जडावकामात स्वतःची चित्रभाषा निर्माण केली. मॅन्झर यांनी १९८४ मध्ये पॅट मेथेनी या अमेरिकन वादकासाठी बेचाळीस तारांचे वाद्य घडविले, आणि वादकाचा हात अवघडू नये म्हणून गिटारीची पेटी एका अंगाने निमुळती केली. गुरूची नक्कल न करता गुरूचा गुण पुढे नेणे याला आपण घराणे म्हणतो. कॅनडाच्या गिटारीचे घराणे आहे ते हे.

कायद्यात वारसा म्हणजे मिळकत. वारस वाढले की हिस्सा घटतो, आणि चौसष्ट वारसांत वाटलेल्या शेताचे काय होते ते आम्ही वकील रोज पाहतो. विद्येच्या वारशाचा हिशेब उलटा आहे. म्योंखकडून एकाने घेतलेली विद्या सातांकडे गेली तेव्हा ती सातपट झाली. चौसष्ट कलांच्या वात्स्यायनाच्या यादीत वाद्य ही एक कला आणि तक्षण, म्हणजे सुतारकाम, ही दुसरी कला सांगितली आहे. वाजविणाऱ्याचा मान आपण राखतो. घडविणाऱ्याचा हात विसरतो.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नव्हे. कॅनडातील कारागीर गिटारीच्या पाठीसाठी आपल्या भारतीय शिसवीचे लाकूड वापरतात. वन्य जाती-प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातभाईंवर निर्बंध आले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना बहुतांशी सूट मिळाली. मधल्या काळात तिकडील कारागिरांनी स्थानिक लाकडांकडे अधिक लक्ष दिले असेल, तर ते स्वाभाविकच. असाच प्रसंग गोव्यात घुमटावर आला. घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वर्ज्य ठरले, तेव्हा बकऱ्याचे कातडे आले. नादात फरक पडला, पण चतुर्थीची आरती थांबली नाही; कारण मडके घडविणारा, कातडे ताणणारा आणि ताल जाणणारा हात शिल्लक होता. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता मिळाली, हे योग्यच झाले.

परंतु मान्यतेचा कागद हा पुन्हा मुद्देमालच. आपल्या देवस्थानांच्या समित्या जुनी वाद्ये जपून ठेवतात; त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. त्याच समित्यांनी वर्षाकाठी एका मुलाला घुमट घडविणाऱ्याच्या ओसरीवर बसविण्याचा खर्च उचलला, तर लारिव्हेच्या कार्यशाळेत जे घडले ते आपल्या गावात का घडू नये? यासाठी होडीचे वल्हे लागत नाही, विजयमुद्रिकाही लागत नाही. शिकविण्यास राजी असलेला एक कारागीर आणि शिकण्यास बसलेला एक मुलगा, एवढेच लागते. यांपैकी पहिला अजून आपल्यात आहे. दुसऱ्याचा शोध आपण केव्हा सुरू करणार, ते ठरवावे लागेल.