विद्यापीठीय संशोधनाचे संरक्षण आणि परकीय हस्तक्षेप : अमेरिकेच्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ची चिकित्सा

प्रस्तावना

विद्यापीठातील संशोधन एकाच वेळी खुले असते आणि मालकीचेही असते. संशोधकाचा निबंध जगभर वाचला जावा, अशी अपेक्षा असते. त्याच वेळी त्यामागचा निधी बहुधा करदात्यांचा असतो आणि काही निष्कर्षांवर विद्यापीठाचा पेटंटहक्क असतो. या दुहेरी स्वरूपामुळे परकीय सत्तेने संशोधन पळविण्याचा धोका संभवतो. परंतु ‘पळविणे’ म्हणजे नेमके काय, हे ठरविणेही अवघड होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी जाहीर केलेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलेला ‘चायना इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम याच अडचणीपाशी अपयशी ठरला. प्रस्तुत लेखात या अपयशाच्या कारणांची चिकित्सा केली आहे.

धोक्याचे स्वरूप

हा धोका काल्पनिक होता, असे म्हणता येणार नाही. परदेशातील नामवंत संशोधकांना आकृष्ट करण्यासाठी चीनने २००८ मध्ये ‘थाउजंड टॅलेंट्स’ ही योजना सुरू केली. हार्वर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांनी वूहान तंत्रज्ञान विद्यापीठाशी करार केला होता आणि त्यात दरमहा ५०,००० डॉलरपर्यंत मानधनाची तरतूद होती. अमेरिकी निधीवर काम करीत असताना त्यांनी हा संबंध लपविला. खोटी माहिती देणे, कर चुकविणे व परदेशी बँक खाते न कळविणे या आरोपांवर डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. निधी देणाऱ्या संस्थेची अशी फसवणूक कोणत्याही देशात दंडनीयच मानली जाईल. तथापि दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. लीबर चिनी वंशाचे नव्हते आणि त्यांच्यावर हेरगिरीचा अथवा संशोधन चोरल्याचा आरोपही नव्हता.

संकल्पनांची गल्लत

येथे तीन भिन्न कृतींत भेद करणे आवश्यक आहे. व्यापारी अथवा संरक्षणविषयक गुपित चोरून परकीय सत्तेला देणे, ही पहिली. परदेशातील पद वा निधी दडवून ठेवणे, ही दुसरी. परदेशी सहकाऱ्यांसह खुले, प्रकाशनयोग्य संशोधन करणे, ही तिसरी. पहिली कृती हा गुन्हा आहे. दुसरी प्रामुख्याने संस्थात्मक शिस्तीचा भंग असून काही प्रसंगी गुन्हाही ठरते. तिसरी तर विद्यापीठांचे नित्याचे कार्य आहे. चायना इनिशिएटिव्हने या तिन्ही कृती एकाच छत्राखाली आणल्या. ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पडताळणीत या उपक्रमाखालील ७७ खटल्यांपैकी केवळ १९ खटल्यांत आर्थिक हेरगिरीविषयक कायद्याखालील आरोप आढळले. उपक्रमाचा घोषित हेतू आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर यावरून स्पष्ट होते.

न्यायालयीन प्रकरणांतूनही हेच दिसते. टेनेसी विद्यापीठातील प्राध्यापक आनमिंग हू यांच्यावर चिनी विद्यापीठाशी असलेला संबंध लपवून नासाची फसवणूक केल्याचा आरोप होता. जून २०२१ मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष ठरविले. नासाला फसविण्याचा हेतू सिद्ध झाला नव्हता. ठरलेले संशोधन नासाला मिळालेच होते. एमआयटीतील गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि वर्षभराने आरोप मागे घेण्यात आले, कारण जे संबंध दडविल्याचा ठपका होता ते कळविणे त्या वेळच्या नियमांनुसार बंधनकारकच नव्हते. कॅन्सस विद्यापीठातील फ्रँकलिन ताओ यांची उरलेली शिक्षापात्रताही अपील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. त्यांच्या विधानाचा निधीविषयक कोणत्याही निर्णयाशी संबंध सिद्ध झाला नाही, असे बहुमताने ठरले. नियम संदिग्ध असताना त्यांच्या भंगासाठी फौजदारी कायदा वापरला गेला, हा या तिन्ही प्रकरणांचा समान दुवा होय.

विद्यापीठांची भूमिका

या संदर्भात विद्यापीठांचे वर्तनही तपासले पाहिजे. एमआयटीने चेन यांच्या बचावाचा खर्च उचलला आणि चीनमधील विद्यापीठाकडून आलेला निधी हा संस्थांमधील कराराचा भाग होता, हे जाहीरपणे सांगितले. टेनेसी विद्यापीठाने मात्र खटला सुरू होण्यापूर्वीच हू यांना सेवेतून दूर केले; ते २०२२ मध्ये पुन्हा रुजू झाले. ज्या संस्था परदेशी सहकार्याचा गौरव करतात, त्यांनी चौकशी येताच संशोधकाला एकटे पाडणे हे संशोधनाचे संरक्षण म्हणता येत नाही.

विस्मरणात गेलेला धडा

अमेरिकेला हा अनुभव नवा नव्हता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉकेटतज्ज्ञ च्यान श्वेसन यांची सुरक्षाविषयक मान्यता १९५० मध्ये साम्यवादी असल्याच्या संशयावरून काढून घेण्यात आली. पाच वर्षे निर्बंधांत ठेवून १९५५ मध्ये त्यांना चीनला जाऊ देण्यात आले. पुढे तेच चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे शिल्पकार ठरले. ज्ञान कागदपत्रांत असते त्याहून अधिक माणसांत असते; कागद जपण्याच्या नादात माणूस दुरावला, तर तोटाच पदरी पडतो. लीबर यांनीही शिक्षा भोगल्यानंतर २०२५ मध्ये चीनमधील शेन्झेन येथे पद स्वीकारले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात चिनी वंशाच्या अमेरिकास्थित संशोधकांपैकी ७२ टक्के उत्तरदात्यांनी संशोधक म्हणून असुरक्षित वाटत असल्याचे नोंदविले, तर ६१ टक्क्यांनी देश सोडण्याचा विचार केला होता. स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांचे आकडे जपून वापरावे लागतात. तरीही त्यांचा कल दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पर्यायी दृष्टी

विशेष म्हणजे अधिक विवेकी भूमिका अमेरिकेतच उपलब्ध होती. १९८५ च्या अध्यक्षीय निर्देशानुसार मूलभूत संशोधन शक्य तितके निर्बंधमुक्त ठेवावे आणि जे खरोखर गोपनीय असेल ते रीतसर वर्गीकृत करावे, असे ठरले होते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने मागविलेल्या ‘जेसन’ गटाच्या डिसेंबर २०१९ च्या अहवालानेही परदेशी संबंध न कळविणे हा संशोधनातील सचोटीचा प्रश्न मानावा, असे सुचविले. ऑगस्ट २०२२ च्या चिप्स व विज्ञान कायद्याने संशोधन सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले आणि परकीय प्रतिभा-योजनांबाबत नियम घातले. अर्थात प्रकटीकरणाचे नियम हा रामबाण उपाय नव्हे. जो जाणूनबुजून लपवितो, त्याला केवळ प्रपत्र रोखू शकत नाही. परंतु स्पष्ट नियमांमुळे अनवधानाने चुकलेला आणि हेतुपुरस्सर फसविणारा यांतील फरक तरी कळतो.

समारोप

भारतातही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने परदेशी विद्यापीठांशी सहकार्याला उत्तेजन दिले आहे. अशा सामंजस्य करारांवर स्वाक्षरी करताना निधी कोणाचा, निष्कर्षांची मालकी कोणाची आणि संशोधकाने काय, केव्हा व कोणाला कळवावे, या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवली जावीत, हा या प्रकरणाचा आपल्यासाठी बोध आहे. संशोधनाचे संरक्षण कृती तपासून करावयाचे असते, वंश पाहून नव्हे. चायना इनिशिएटिव्हने हा भेद पाळला नाही. परिणामी खरा अपराध आणि निव्वळ सहकार्य यांतील सीमारेषा पुसट झाली आणि ज्या संशोधनाच्या रक्षणासाठी तो उपक्रम उभा राहिला, ते करणारी माणसेच भयभीत झाली.