अभिरूप राष्ट्रसमितीची भाषा : एक चिकित्सा

संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांचे अनुकरण करून भरविल्या जाणाऱ्या विद्यार्थी-परिषदा हा आता महाविद्यालयीन जीवनाचा परिचित भाग झाला आहे. या प्रथेचे मूळ १९२० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील विद्यापीठांत राष्ट्रसंघाच्या नमुन्यावर भरलेल्या सभांत आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची जागा संयुक्त राष्ट्रांनी घेतली आणि अभिरूप परिषदांनीही तोच नमुना स्वीकारला. या परिषदांचे मूल्यमापन बहुधा वक्तृत्वाच्या किंवा सामान्य ज्ञानाच्या दृष्टीने केले जाते. ही दृष्टी अपुरी आहे. समितीत विद्यार्थी अखेर जे निर्माण करतो, ते भाषण नसून ठरावाचा मसुदा असतो. म्हणून हा उपक्रम प्रथमतः भाषिक व्यवहार आहे, आणि त्याची चिकित्साही भाषेच्या अंगाने व्हावयास हवी. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भात ही चिकित्सा विशेष उद्बोधक ठरते.

संयुक्त राष्ट्रांचा ठराव हे व्याकरणदृष्ट्या एकच दीर्घ वाक्य असते. 'महासभा' हा त्याचा कर्ता. त्यानंतर पूर्वपीठिकेतील कलमे, आणि शेवटी क्रियात्मक कलमे. इंग्रजीत पूर्वपीठिका वर्तमानकालवाचक धातुसाधितांनी रचली जाते. ही रचना मराठीला परकी वाटेल, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मराठीतील ऊन-प्रत्ययान्त धातुसाधित नेमके हेच कार्य करते. 'महासभा, आपला पूर्वीचा ठराव स्मरून, दुष्काळाची तीव्रता लक्षात घेऊन, आणि संबंधितांच्या सहकार्याची नोंद घेऊन, पुढीलप्रमाणे ठरविते' हे वाक्य कोणत्याही ओढाताणीवाचून सिद्ध होते. येथे सर्व धातुसाधितांचा कर्ता एकच असावा लागतो, हा मराठीचा नियम ठरावाच्या एककर्तृक स्वरूपाशी तंतोतंत जुळतो.

क्रियात्मक कलमांत मात्र दोन भाषांची वाट भिन्न होते. इंग्रजीत कलमाचा आरंभच क्रियापदाने होतो. त्यामुळे सभा विनविते आहे, आवाहन करते आहे की निर्णय देते आहे, हे प्रथमच कळते. हा भेद केवळ शैलीचा नाही. सनदेच्या पंचविसाव्या अनुच्छेदान्वये सुरक्षा परिषदेचे निर्णय सदस्य-राष्ट्रांवर बंधनकारक असतात. म्हणून 'आवाहन करते' आणि 'ठरविते' यांतील अंतर हे विनंती आणि आज्ञा यांतील अंतर होय. मराठीत क्रियापद वाक्यान्ती येते. मागणीचा संपूर्ण आशय आधी मांडला जातो, आणि तिचे बळ शेवटच्या शब्दात ठरते. वाटाघाटीच्या दृष्टीने हा गुणच आहे. कारण आशयाला हात न लावता केवळ अन्त्य क्रियापद सौम्य करून प्रतिपक्षाची संमती मिळविता येते.

याहून महत्त्वाचा मुद्दा सर्वनामांचा. अनेक अभिरूप परिषदांत प्रतिनिधीने 'मी' म्हणू नये, असा दंडक असतो. राहते ते अनेकवचन. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. ऐकणारा त्यात समाविष्ट आहे की नाही, ते प्रसंगावरून ओळखावे लागते. मराठीत 'आम्ही' श्रोत्याला वगळते आणि 'आपण' त्याला सामावून घेते. 'आम्ही पाणी वाटून घेऊ' आणि 'आपण पाणी वाटून घेऊ' ही दोन वाक्ये म्हणजे दोन भिन्न राजकीय भूमिका आहेत. शिवाय 'आपण' हेच मध्यमपुरुषी आदरार्थी सर्वनामही आहे. त्यामुळे प्रतिपक्षाला मान देणे आणि त्याला आपल्यात घेणे, या दोन क्रिया एकाच शब्दाने साधतात. तहाच्या बैठकीला इतके उपयुक्त सर्वनाम क्वचितच सापडेल. केवळ इंग्रजीत मसुदा रचणाऱ्या विद्यार्थ्याला स्वभाषेतील या भेदाची जाणीवही होत नाही, ही या उपक्रमातील पहिली हानी होय.

दुसरी हानी विषयनिवडीची. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला दूरदेशीच्या प्रश्नावर बोलावयास लावताना त्याच्या घराशेजारचा प्रश्न विसरला जातो. नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून जातो. शेतकरी ज्याला 'टेल' म्हणतात, ते कालव्याचे शेवटचे टोक इंदापूरच्या वाट्याला आले आहे. नीरा आणि भीमा यांचा संगम याच तालुक्यात नीरा-नरसिंगपूर येथे होतो. भीमा पुढे कृष्णेला मिळते, आणि कृष्णेच्या पाण्याचा वाद १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादापुढे गेला. त्या लवादाने २,०६० टीएमसी पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. शेताच्या बांधापासून आंतरराज्य लवादापर्यंत वाटाघाटीची अशी सलग परंपरा ज्या प्रदेशात नांदते, तेथे मुत्सद्देगिरीचा पाठ परदेशातून आणण्याची गरज नाही.

या परंपरेत शब्दाचे मोल किती असते, याचे उदाहरण २०२१ साली मिळाले. उजनी धरणातून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय सोलापूर जिल्ह्यातील विरोधानंतर मागे घ्यावा लागला. समर्थनार्थ त्या पाण्याचे वर्णन, पुणे परिसरातून उजनीत येणारे 'सांडपाणी', असे करण्यात आले होते. ते 'सांडपाणी' म्हटले की कोणाच्याही वाट्यातले ठरत नाही. 'उजनीचे पाणी' म्हटले की ते सोलापूरच्या हक्काचे होते. साऱ्या वादाचे ओझे एका नामावर पडले. सुरक्षा परिषदेच्या २२ नोव्हेंबर १९६७ च्या २४२ क्रमांकाच्या ठरावाची कथा याच जातीची आहे. व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घेण्याच्या कलमात इंग्रजी पाठात 'प्रदेश' या शब्दामागे निश्चित उपपद नाही. फ्रेंच पाठात ते असल्याचे वाचता येते. सर्व प्रदेश की काही प्रदेश, हा वाद त्यातून उद्भवला. मराठीत असे उपपदच नाही. मराठी मसुदाकाराला 'सर्व' हा शब्द बुद्धिपुरस्सर घालावा किंवा गाळावा लागतो. संदिग्धता ठेवावयाची झाल्यास ती जाणूनबुजून ठेवावी लागते, हा धडा अन्य कोणत्या मार्गाने इतका स्पष्ट होणार नाही.

मराठीला या व्यवहाराची परिभाषा नवी नाही. 'तह', 'सलूख', 'मध्यस्थी', 'वकिलात' हे शब्द मराठेशाहीच्या दप्तरांत नित्याचे आहेत. हैदराबादेतील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांची पत्रे हा तर राजनैतिक गद्याचा नमुनाच होय. 'शिष्टाई' हा शब्द मराठी मनात कृष्णाशी निगडित आहे; आणि उद्योगपर्वातील ती शिष्टाई आर्यावृत्तात आणणारे मोरोपंत बारामतीचेच रहिवासी होते. प्रतिपक्षाच्या सभेत दुसऱ्याच्या वतीने बोलणे, हेच त्या प्रसंगाचे मर्म आहे. आणि समितीतील प्रतिनिधीचे कामही तेच.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात इंग्रजी अटळ आहे, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही. परंतु महासभेच्या कार्यपद्धतीचा त्रेपन्नावा नियम अन्य भाषेत बोलण्याची मुभा देतो. भाषांतराची सोय मात्र वक्त्याने करावयाची असते. १९७७ साली अटलबिहारी वाजपेयी महासभेत हिंदीतून बोलले. तेव्हा प्रश्न इंग्रजी सोडण्याचा नसून, विचार कोणत्या भाषेत घडवावा आणि कोणत्या भाषेत पोहोचवावा, हा आहे.

अभिरूप परिषदांचा आणखी एक दोष नोंदविणे प्राप्त आहे. महासभेचे बहुसंख्य ठराव मतदानावाचून, सर्वसंमतीने संमत होतात. अनेक अभिरूप समित्यांत मात्र संसदीय धर्तीच्या हरकती, सूचना आणि मतमोजणी यांनाच प्राधान्य मिळते, आणि पारितोषिक 'उत्कृष्ट प्रतिनिधी'ला दिले जाते. परिणामी, संमती मिळविणाऱ्यापेक्षा सभा गाजविणारा श्रेष्ठ ठरतो. मसुद्यातील एक क्रियापद बदलून दोन पक्ष जवळ आणणारा विद्यार्थी परीक्षकाच्या दृष्टीस पडत नाही.

यावर उपाय अवघड नाही. कालव्याच्या वरच्या आणि शेवटच्या टोकाचे प्रतिनिधी कल्पून समिती मराठीतून भरवावी. बारामतीच्या विद्यार्थ्याने इंदापूरची आणि इंदापूरच्या विद्यार्थ्याने बारामतीची बाजू मांडावी. संमत झालेला मसुदा नंतर इंग्रजीत आणावा, आणि दोन पाठांत अर्थ जेथे ढळतो, ती स्थळे नोंदवून त्यांची कारणे शोधावीत. पारितोषिक द्यावयाचेच असेल, तर ते सर्वसंमत मसुद्याला द्यावे. टेलच्या शेतकऱ्याच्या वतीने बोलताना 'आम्ही' कोठे म्हणावे आणि 'आपण' कोठे, हे ज्याला उमगले, तो कोणत्याही भाषेतील समितीत बसण्यास पात्र झाला, असे मानण्यास हरकत नाही.