नगरचित्रांतील भूमी आणि भार

चित्रातील घरे कलली, रस्ता चढत जाऊन आभाळाला भिडला, की आपल्याकडील रसिक दोहोंपैकी एक निदान करतो : चित्रकाराला यथार्थदर्शन साधले नाही, किंवा तो आपली गंमत करीत आहे. श्री. सुधीर पटवर्धन यांच्या नगरचित्रांपुढे ही दोन्ही निदाने लटकी पडतात.

यथार्थदर्शनाचा जो नियम आपण शाळेतील ड्रॉइंगच्या परीक्षेपासून स्वयंसिद्ध मानीत आलो, तो इटलीत आल्बेर्तीने १४३५ च्या सुमारास ग्रंथबद्ध केला. पाहणारा एका जागी, जणू एकच डोळा उघडा ठेवून, निश्चल उभा आहे, हे त्यातील गृहीत होय. हे गृहीत उल्हासनगरास कसे लागू पडावे? महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ साली त्या वस्तीस हे नाव मिळाले. पुढे बराकींच्या जागी मजले उठले व गल्लोगल्ली लहान कारखाने निघाले. शेजारीच अंबरनाथास १०६० सालचे शिवालय आहे. तेथे देवदर्शनासाठी पायऱ्या चढावयाच्या नसून गाभाऱ्यात उतरावयाच्या असतात! अशा मुलखाला एकच क्षितिज देणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

पटवर्धनांच्या 'उल्हासनगर' व 'लोअर परळ' या दोन्ही चित्रांचे साल २००१ आहे. त्यांच्या अशा विस्तृत नगरदृश्यांत अनेक जागांवरून घेतलेल्या नजरा एकत्र नांदतात. त्यांचा व्यवसाय येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९७५ पासून तीस वर्षे ते ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ होते. क्ष-किरणाच्या फिल्मवर पुढची बरगडी आणि मागची बरगडी एकाच पातळीवर उमटतात. त्यांतील अंतर बुद्धीने वाचावे लागते. ही चित्रेही तशीच वाचावयाची आहेत.

परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य भाराच्या जाणिवेत आहे. शागालची माणसे छपरांवरून तरंगतात. पटवर्धनांची तरंगत नाहीत. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) सारख्या आरंभीच्या चित्रांत मानवी देह जड, भरीव, आपल्या जागी बसलेला आहे. पुढे नगरचित्रांत ती जागाच सरकू लागते. देहाचा भार मात्र सुटत नाही. कललेल्या भूमीवर तोल सावरून चालणे हेच तेथील माणसाचे नित्यकर्म आहे. म्हणून येथील तिरपेपणा मला चमत्कृती वाटत नाही. त्याला कष्टाचा आधार आहे.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. चित्राचा पट वाढत जातो तसतसा माणूस लहान होतो. 'मुंबई प्रोव्हर्ब्ज' (२०१४) या सात फलकांच्या, भित्तिचित्राएवढ्या विस्ताराच्या कृतीत शहराची कालकथा समर्थपणे उलगडते. तथापि तेथे माणूस कधी कधी माणूस न राहता कथेतील दाखला होतो, आणि त्याचा तो जुना भार हलका होतो. व्याप्तीसाठी मोजलेली ही किंमत मला थोडी अधिक वाटते.

तरीही ही चित्रे दुर्बोध आहेत, ही तक्रार मी मान्य करणार नाही. बदलापूरहून निघालेल्या गाडीच्या दारात उभा असलेला प्रवासी रोज अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण ही गावे सरकत्या, तुटक, एकमेकींवर चढलेल्या दृश्यांतच पाहतो. त्याला या चित्रांसमोर नेऊन उभे करावे; शास्त्र न शिकताही तो त्यांतील वाट काढील.