हवाल्यांची बेरीज आणि गाळलेले सहा रुग्ण

संशोधक मोठा की लहान, हे ठरवताना हल्ली पहिला प्रश्न काय असतो? पेपर किती आणि सायटेशन किती, म्हणजे त्याच्या लेखाचा हवाला पुढे किती लेखांनी दिला. नेमणुका, बढत्या, निधी, सगळं या आकड्यांभोवती फिरतं. ही मोजणी कुठे फसते, ते आज आपण फ्रान्समधल्या मार्सेयचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिदिए राऊल्ट यांच्या उदाहरणावरून पाहू.

आधी श्रेय देऊ. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीचा माग काढताना कूलिंग टॉवरच्या पाण्यात एक सूक्ष्मजीव सापडला होता. तो जिवाणू नसून अवाढव्य विषाणू आहे, हे २००३ साली जाहीर करणाऱ्या गटात राऊल्ट होते. हे काम खरंच मोलाचं. त्यांच्या नावावर तीन हजारांहून जास्त लेख आहेत. चाळीस वर्षांवर वाटले तरी आठवड्याला एकाहून अधिक पडतो. एवढे लेख एक माणूस नीट वाचू तरी शकेल का, ही शंका आम्हाला रास्त वाटते.

आता मार्च २०२० मधला लेख घ्या. विषय होता कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. लेख आला आणि एका दिवसात स्वीकारला गेला. त्या नियतकालिकाचे मुख्य संपादक लेखाच्या लेखकांपैकीच एक होते. औषध दिलेले रुग्ण होते २६, पण निष्कर्षात मोजले २०. उरलेले सहा कुठे गेले? तिघे अतिदक्षता विभागात गेले, एक दगावला, एकाला मळमळीमुळे गोळी बंद करावी लागली, एक रुग्णालय सोडून गेला. सहाव्या दिवशी विषाणू न सापडलेले १४ होते. वीसातले चौदा म्हणजे ७० टक्के. सव्वीसातले धरले तर ५४. शिवाय कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि तुलनेसाठी घेतलेले बरेचसे रुग्ण दुसऱ्या केंद्रांतले होते. जे खालावले तेच गाळले, तर कुठलंही औषध गुणी दिसेल, नाही का?

या लेखाला हजारो हवाले मिळाले. इथेच खरी गोम आहे. त्यांतले कितीतरी हवाले लेखाच्या चुका दाखवण्यासाठी दिलेले होते. पण बेरजेत ‘हे चूक आहे’ म्हणणाऱ्याचाही एकच आणि मान डोलावणाऱ्याचाही एकच. आपल्याकडे गावभर ज्याचं नाव झालं तो नावाजलेला, असं कुणी धरत नाही. बदनामीतही नावच असतं. सायटेशनच्या यंत्राला हा फरक कळत नाही.

याची किंमत लेखकांनी मोजली नाही. गोळीवर जगभर उड्या पडल्या. ल्युपस आणि संधिवाताच्या ज्या रुग्णांना ती रोज लागते, त्यांना आपल्याकडेही औषधाच्या दुकानांतून हात हलवत परतावं लागलं. धारावी आणि वरळीत ती प्रतिबंधासाठी वाटण्याची योजना आखली गेली, पुढे ती थांबवली गेली. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने उत्तर दिलं. त्यात चार हजारांहून जास्त रुग्ण होते. अठ्ठावीस दिवसांत औषध घेतलेल्यांत २७ टक्के दगावले, न घेतलेल्यांत २५. म्हणजे फायदा नाही.

मार्सेयचा लेख मागे घेतला गेला डिसेंबर २०२४ मध्ये, जवळजवळ पावणेपाच वर्षांनी. लेखकांपैकी तिघांनी मांडणीबद्दल आणि निष्कर्षांबद्दल आक्षेप नोंदवून आपलं नाव त्याच्याशी नको म्हटलं. पण लेख मागे गेला म्हणून आधी मिळालेले हवाले काही पुसले जात नाहीत.

आमचं म्हणणं, मोजणीच फेकून द्या असं नाही. लेख किती वाचनात आहे, एवढं तिच्यातून कळतं. तो खरा आहे का, हे कळत नाही. तेव्हा कुणी तुमच्यासमोर सायटेशनचा आकडा ठेवला, तर दोनच गोष्टी विचारा: हवाला देणाऱ्यांनी नेमकं काय म्हटलं? आणि मूळ लेखात सुरुवातीला किती रुग्ण होते, शेवटी किती उरले? दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टर असावं लागत नाही, वजाबाकी आली की पुरे.